जहांआराचा अंगठा

मिसारवाडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फारूख फायबरची मडगार्डं बनवतो. ज्यांच्या पायांत बळ नाही अशांच्या स्कुटरला मागे दोन जादा चाकं लावतात ना, त्या चाकांवरची. चाकं लावतो लासूर स्टेशनचा अजिनाथ मिस्त्री. दोघांची दहा-बारा वर्षांची जोडी.

या कामात आधी लाकूड आणि लांबी, म्हणजे रंगारी भेगा बुजवतात तो लगदा, यांचं हुबेहूब मडगार्ड घडवतात. तो पॅटर्न. चिकटू नये म्हणून त्याला मेण चोळून वर फायबरचा साचा चढवायचा आणि मग साच्यातून हवे तितके नग काढायचे. पॅटर्नवर केसाएवढा ओरखडा राहिला, तरी तो प्रत्येक नगात उतरतो. म्हणून पॅटर्न घासायचं आणि मेण चोळायचं काम फारूखच्या बायकोकडे, जहांआराकडे होतं. डोळ्याला न दिसणारा खड्डा तिच्या तळहाताला कळायचा.

चार वर्षांपूर्वी तिने शेवटचा पॅटर्न घासला. लांबी भरून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच "सूख्या क्या देखूं" म्हणत तिने अंगठा टेकवला. रुतला, रेषांसकट.

"नखानं बघायचं असतं," फारूख करवादला. "वीस वर्षं झाली, तेवढं शिकली नाय."

"वीस वर्षांत तुम्ही चहाचा कप पॅटर्नवर ठेवायचं सोडलं का?" ती म्हणाली. "राहू द्या. उद्या भरते."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. नवव्या दिवशी दवाखान्यातून तिला घरी आणलं ते झाकूनच.

फारूखने तो खड्डा भरला नाही. तसाच साचा काढला. साच्यात अंगठा उंचवटा होऊन उतरला आणि प्रत्येक मडगार्डवर पुन्हा खड्डा होऊन. दर नगावर तो लांबी भरायचा, घासायचा, रंग द्यायचा. मुलगी नौशीन बी.कॉम.चा अभ्यास सांभाळून हाताखाली असते. ती एकदा म्हणाली, "अब्बा, पॅटर्नवरच भरलं तर शंभरदा भरायला नाय लागणार."

"राहू दे."

तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात नग गुळगुळीत यायला लागले. पॉलिश करकरून साच्यातला उंचवटा झिजला होता.

"बरंच झालं की," अजिनाथ म्हणाला. "आता माल तरी लवकर द्याल. गिऱ्हाईकं लई जीव खातेत माझा."

"साचा संपला," फारूख म्हणाला. "नवा काढतो."

अजिनाथने साच्यातून हात फिरवला. "कुठं संपला? अजून पन्नास नग देईल हा. डोकं फिरलं का फारूखभाई तुमचं?"

फारूखने माळ्यावरून पॅटर्न खाली काढला.

मेणाचे सात हात द्यायचे असतात. एक चोळायचा, सुकू द्यायचा, चमक येईस्तोवर कापडाने रगडायचा, मग पुढचा. दोन दिवस त्याने एकट्याने केलं, नौशीनलाही शिवू दिलं नाही. फक्त अंगठ्यापाशी आला की त्याचा हात हलका व्हायचा. रगडलं तर रेषा जातील, मेण साचलं तरी बुजतील. तिथे त्याने कापडाचं टोक नुसतं टेकवलं, तेही फार तर दोनदा. मग साचा चढवला.

साचा सोडवायच्या दिवशी बापलेकीने कडेने लाकडी पाचरी बसवल्या, फटीत पाणी सोडलं, रबरी हातोडीने ठोकलं. टकटक करत चारी बाजू सुटल्या. एका जागी मात्र साचा धरून राहिला. कोणत्या जागी, ते दोघांनाही कळलं.

"अब्बा, साचा कापू. पॅटर्न तर वाचंल."

"तिथं दोन्ही एक झालंय," तो म्हणाला. "काय कापणार?"

पाचर त्यानेच ठोकली. खपकन आवाज झाला. पॅटर्नची लांबी आणि साच्याचा आतला थर एकमेकांना धरून उखडले होते. तो उचलायला गेला तर बोटांत भुगा आला. पॅटर्नवर रुपयाएवढं उघडं लाकूड दिसत होतं.

नौशीनने खपल्या वर्तमानपत्रावर मांडून जुळवून पाहिल्या. जुळल्या नाहीत.

"मेण..." ती म्हणाली आणि थांबली.

"तिथं नाय चोळलं मी," फारूख म्हणाला. "पुसली जाईल म्हणून."

संध्याकाळी अजिनाथचा फोन आला. "जुन्या साच्यातनं देतो," फारूख म्हणाला. "सोमवारी या."

मग त्याने लांबी कालवली, खड्ड्यात भरली, पत्तीने सपाट केली. दहा मिनिटांत सुकते ती. तो अर्धा तास हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहिला. नौशीनने चहा आणून दिला, तो त्याने खाली फरशीवर ठेवला. पॅटर्नवर नाही.

शेवटी वाकून त्याने नखाने टोकरून पाहिलं. सुकली होती. त्याने पाणीपेपर भिजवला आणि घासायला बसला.