रिकामा मिक्सर

“अहो, रिकामा मिक्सर काय फिरवताय!” बायको ओरडली.

शेजारच्या यंत्रमाग मिस्त्रीनं गाणं लावलं होतं. मिक्सरनं दोन्ही घरांच्या एकाच लाइनमधली वीज नासली की त्याचे स्पीकर घरघरतील, एवढीच माझी इच्छा. माझ्या गाण्याच्या महागड्या सेटला अचूक ठोक्यासाठी परदेशी घड्याळ जोडलंय. सूर्यसुद्धा त्यावरून वेळ लावतो. तरी गल्ली जमते त्याच्या घरी जुळवलेल्या डबड्यापुढं! मिस्त्रीचा जन्म मागांच्या खडखडाटात गेला, पण कान असा की भिंतीपलीकडून डोळे मिटून सांगतो, “तुमचा फ्रिज लई दमलाय की.”

सकाळी मी साळसूदपणे विचारलं, “काल गाण्यात घरघर आली का हो?”

“न्हाय. मी ट्रकच्या बॅटरीवर ऐकतो. मिक्सर रिकामा फिरवू नका, जळंल.”