बोट, मेमो आणि पणदऱ्याचे आबा

बातमी छापली की संपते. न छापलेल्या गोष्टींचं तसं नसतं. त्या ऑफिसच्या टेबलाखालच्या वायरींसारख्या गुंतत जातात. एक ओढायला जावं तर चार हातात येतात. बारामतीत वार्ताहर म्हणून माझी उभी हयात गेली. मंत्री, मोर्चे, ऊसदराची आंदोलनं, सगळं लिहिलं. पण चार मित्र जमले की फर्माईश एकच, "तो बोटीच्या गेमचा किस्सा सांगा!"

एक किस्सा नाही हो. अख्खी माळ आहे. आणि माझ्यावर झालेला एक अन्यायही आहे, तो आधी ऐका.

*

आमच्या ऑफिसात तिघंच. मी वार्ताहर. तात्या टायपिंग आणि पानं लावणारा. आणि आमचे प्रमुख आबा. आबा पणदऱ्याचे, घरचा ऊस, पण ऑफिसात लष्करी शिस्त. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आबांनी हात मागं बांधून त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं, "ह्या डबड्याला मी आयुष्यात हात लावनार न्हाय. तुमी बसा बडवत."

आम्ही बडवत बसलो. तात्यानं कुठूनशी एक फ्लॉपी आणली होती. त्यात डॉसवर चालणारा गेम. सुरुंगांनी भरलेल्या समुद्रातून एक बोट न्यायची, बस्स. पण चटक अशी लागली की मी ग्रामपंचायतीच्या बातमीत 'सरपंचांनी बोट वळवली' असं लिहिलं होतं!

*

त्या गेममध्ये एक सोय होती. साहेब आले की एक बटण दाबायचं, बोट गायब आणि पडद्यावर आकड्यांचा तक्ता. तक्ता खोटा, गेमवाल्यानंच बनवलेला.

एकदा आबा अचानक आत आले. तात्यानं बटण दाबलं. आबांनी चष्मा पुसून तक्ता न्याहाळला.

"उसाच्या गाळपाचे आकडे का रं?"

तात्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग बघत काय बसलाय? पान दोनला लाव!"

मी नको नको म्हणत होतो, खुणा करून दमलो. आकडे छापून आले. दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याच्या ऑफिसातून फोन. मी माफीचा मजकूर मनात जुळवून फोन घेतला. तिकडून आवाज आला, "अहो, आमच्या आधी तुम्हाला आकडे मिळाले कुठून?"

*

आता अन्याय.

एका शनिवारी मी इंदापूरला होतो. कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी रस्त्यावर बसले होते, मोठी बातमी. एसटीडी बूथवरून ऑफिसला सात वेळा फोन लावला. सातही वेळा एंगेज! पानं छापायला गेली, बातमी हुकली. दुसऱ्या सगळ्या पेपरांत ती पहिल्या पानावर, आमच्याकडं त्या जागी तूप बनवण्याची कृती!

सोमवारी आबांनी सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी मी आलो तर रिसीव्हर बाजूला काढून ठिवलेला आणि पडद्यावर ती बोट." तात्या म्हणाला, दुपारीच पानं लावून आपण भिगवणला मेहुण्याकडं मासे खायला गेलो होतो. आबा म्हणे दिवसभर पणदऱ्यात उसाला पाणी देत होते. मी इंदापुरात. मग खेळलं कोण?

मेमो मला मिळाला! 'कार्यालयीन वेळेत खेळात दंग राहिल्यामुळे बातमी चुकली.' मी भांडलो, "आबा, मी तिथं नव्हतोच!" तर म्हणाले, "बातमी तुझी. तू गेलास का न्हाय हे मी बघाया आलो हुतो व्हय?"

इंदापूरचं काम माझ्याकडून काढून घेतलं. वर आबांनी गेमच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्सही ड्रॉवरमधून उचलली, "जाळून टाकतो!" तो मेमो मी आजही लॅमिनेट करून ठेवला आहे. इतकी वर्षं मी तात्याकडं संशयानं बघतो आणि तात्या माझ्याकडं.

*

यंदा तात्याला ती फ्लॉपी सापडली. भिगवण रोडला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथल्या 'लग्नपत्रिका जुन्या' लिहिलेल्या डब्यात. मी ताडकन उठलो. त्या गेममध्ये सर्वाधिक गुणांची यादी होती ना! नाव, तारीख, वेळ, सगळं. त्या शनिवारी कोण खेळत होतं, तिथं लिहिलेलं असणार!

"तात्या, गेम चालू कर. आज तुझा तरी निकाल लागेल नाहीतर माझा तरी."

"लाव की! मला कसलं भ्या?"

पण फ्लॉपी घालायची कुठं? आजच्या कॉम्प्युटरला ती खाचच नाही. तात्याचा मेहुणा एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, तिथलं एक म्हातारं मशीन अजून फ्लॉपीवर चालतं. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं फ्लॉपी उलटसुलट केली, उन्हात धरली, कानाशी हलवली. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, 'काळी चौकोनी वस्तू, एक नग. चालू की बंद, समजत नाही.'

*

पेनड्राइव्हवर गेम आला. नव्या कॉम्प्युटरनं साफ सांगितलं, हा प्रोग्रॅम इथं चालणार नाही. तात्यानं मग जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. गेम सुरू झाला. बोट दिसली, धडाम, बुडाली! पुन्हा सुरू, पुन्हा धडाम! नवं मशीन इतकं पळतं की डोळा मिटून उघडेपर्यंत तीन बोटी तळाला.

कंट्रोल धरून एफ-अकरा दाबला की वेग कमी होतो, हे तात्यानं शोधलं आणि तो दाबतच सुटला. आम्ही चहा पिऊन आलो तरी बोट जागेवरच.

"ही उजनी धरणाच्या गाळात रुतली," तात्या म्हणाला.

मग एफ-बारा. मग पुन्हा अकरा. बाहेर वाढदिवसाच्या फ्लेक्सचं गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्यानं आत डोकावून विचारलं, "आमच्या दादांचा फोटू लावताय का बोट चालवताय?" तात्या मान वर न करता म्हणाला, "बोट किनाऱ्याला लागल्याबिगर दादा न्हाय!"

*

वेग जुळला. पहिला टप्पा पार झाला आणि पडद्यावर प्रश्न आला: माहितीपुस्तक, पान अकरा, ओळ चौथी, शब्द दुसरा?

मी कपाळावर हात मारला. चोरून कॉपी करणाऱ्यांना अडवायला ही युक्ती होती. त्यासाठीच तर ती झेरॉक्स होती! शब्द बरोबर असेल तरच पुढचा खेळ, आणि पुढं गेल्यावरच ती यादी. यादीची फाईल थेट उघडून पाहिली, तर नुसते चौकोन आणि हसरे चेहरे.

अंदाजानं शब्द टाकले. वॉटर. कॅप्टन. तात्यानं शुगर टाकलं.

"अरे, बोटीत साखर कशाला?"

"बारामतीत बनलाय का काय, बघावं म्हटलं."

तीन चुका झाल्या की बोट बुडायची. तासाभरात पन्नास बोटी बुडवल्या.

शेवटी मी आबांना फोन केला. कागद खरंच जाळला, की अजून आहे कुठं?

*

आबा आले. आता ऐंशीच्या घरात, पण आवाज तोच. मी लॅमिनेट केलेला मेमो टेबलावर ठेवला. आबांनी तो हातात घेऊन स्वतःचीच सही निरखली.

"अजून जपून ठिवलाय? लई मनाला लागलं म्हणायचं."

"इंदापूर काढून घेतलंत माझं! आबा, तो कागद कुठंय?"

"जाळला की बंबात. तवाच. ह्या हातानं."

तात्या खुर्चीत मागं रेलला. "संपलं. आता न्हाय कळायचं कधी."

पडद्यावरचा प्रश्न त्यानं उगाच पुन्हा मोठ्यानं वाचला. पान अकरा, ओळ चौथी, शब्द दुसरा. चहा आला. आबांनी बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि पडद्याकडं न बघता म्हणाले,

"कंपास."

तात्यानं टाइप केलं. बोट पुढं निघाली.

दुसरा प्रश्न आला. पान तीन, ओळ नववी, शब्द पहिला.

"लँटर्न," आबा म्हणाले, आणि मग त्यांची बशी हवेतच थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मेमोकडं पाहिलं, कीबोर्डकडं पाहिलं.

"गड्या," ते हळूच म्हणाले, "ते एफ-धा तेवढं दाबू नगंस. त्यानं यादी उघडती."

मी दाबलं.