प्रागमध्ये बायको हरवली तेव्हा

तुमचा देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी आतापर्यंत बायकोकडे बोट दाखवायचो. अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या घरात पूजा, जप, उपास ही शुभाची खाती. टॅक्स, छपराची गटरं साफ करणं आणि प्रवासाचं प्लॅनिंग ही माझी. अडतीस वर्षं ही वाटणी सुरळीत चालली होती. ती दत्तगुरूंचा जप करत असायची, मी शेजारी बसून फोनवर उद्याचं हवामान बघत असायचो. नास्तिक म्हणवून घेण्याइतका मी धीट नव्हतो. मला इतकंच वाटायचं की माणसाने प्लॅनिंग नीट केलं तर देवाला तसदी द्यायची वेळ येत नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही युरोपला निघालो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, नऊ दिवस. त्याची एक्सेल शीट मी तीन महिने घासूनपुसून तयार केली होती. प्रत्येक चर्चपुढे, प्रत्येक पुलापुढे मिनिटं लिहिली होती आणि 'शुभाचे फोटो' असा वेगळा कॉलमही होता. खिसेकापूंचे एवढे व्हिडिओ बघितले होते की शर्टाच्या आत बांधायचा एक पाऊच घेतला आणि त्यात दोघांचे पासपोर्ट, दोघांचे फोन, हॉटेलचं कार्ड असा सगळा संसार कोंबला. पोट आधीच पुढे होतं, आता ते विमानतळावर संशयास्पद दिसायला लागलं. आम्हाला सोडायला आलेली आमची मुलगी रेवा म्हणाली, "बाबा, धिस इज अ टेरिबल आयडिया. आईचा फोन आईकडे दे."

"अगं, आम्ही चोवीस तास एकत्र असणार. मला फोन करायची वेळ येईलच कशी तिच्यावर?"

"राहू दे गं," शुभा म्हणाली, "यांना सांगून कधी काही उपयोग झालाय का?"

प्रागमधली पहिलीच सकाळ. हॉटेलात नाश्त्याला रांग होती आणि शीटप्रमाणे आम्ही अकरा मिनिटं मागे होतो. शुभाने इन्शुलिन घेतलं होतं. ते घेतल्यावर लवकर काही पोटात जावं लागतं, हे मला तिच्याइतकंच पाठ आहे. तरीही मी म्हणालो, "चल, ट्रॅममध्ये खा. दशम्या आहेत माझ्या सॅकमध्ये." थांब्यावर पोचलो तर ट्रॅम उभीच होती. "चल, चल!" करत मी चढलो आणि खिडकीतून दिसणाऱ्या घुमटाची माहिती द्यायला लागलो. कोणी बांधला, किती वर्षं लागली, पुढे काय झालं. बराच वेळ 'हं' आलं नाही म्हणून वळून बघितलं. शुभाच्या जागी हिरव्या जाकिटातला एक उंच गृहस्थ उभा होता आणि माझं मराठी अतिशय सभ्यपणे ऐकून घेत होता.

शुभा थांब्यावरच राहिली होती. तिच्याकडे फोन नव्हता, पासपोर्ट नव्हता, हॉटेलचं नाव तिला आठवत असण्याची शक्यता नव्हती, आणि अंगात इन्शुलिन होतं. तिच्या दशम्या माझ्या पाठीवर होत्या.

पुढच्या थांब्यावर उतरलो, पलीकडची ट्रॅम पकडून मागे आलो. ती तिथे नव्हती. मी इंजिनिअर, डोकं चालवून हिशोब मांडला, की ती माझ्यामागे पुढच्या थांब्यावर गेली असणार. तिकडे गेलो. तिथेही नाही. म्हणजे आता मागे आली असणार. परत मागे. अशा तीन फेऱ्या झाल्या. हॉटेलला फोन केला, तिथली मुलगी म्हणाली, आल्या तर कळवते, पोलिसांनाही सांगते. पूर्वी एकदा जवळच्या एडिसन गावातल्या दुकानात भाजी घेताना शुभाची साखर उतरली होती. तेव्हाचा तिचा घामेजलेला चेहरा आणि 'मला काहीतरी होतंय' म्हणणारा आवाज डोक्यातून जाईना. तिला काही झालं तर ते माझ्या अकरा मिनिटांमुळे होणार होतं.

चौथ्यांदा ट्रॅमकडे धावलो तेव्हा कुणीतरी बाही धरली. थांब्यावर एक म्हातारी बाई बसली होती. डोक्याला निळा रुमाल, मांडीवर आलुबुखारांची पिशवी. माझ्या येरझारा ती पहिल्यापासून बघत असावी. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि बाकावर शेजारची जागा थोपटली. मी इंग्रजीत "माय वाइफ, माय वाइफ" करत राहिलो. तिने मान हलवली, पुन्हा जागा थोपटली. मी जेमतेम टेकलो. ट्रॅम निघायला लागली तसा मी उठायला लागलो, तर तिने खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. त्या हातात जोर असा नव्हता. माझ्यातलंच काहीतरी संपलं असावं. मी बसलो.

बसल्यावर देवाची आठवण झाली, पण माझ्या पद्धतीने. म्हटलं, महाराज, ती सापडू दे, मी गुरुचरित्राचं पारायण करीन, दर गुरुवारी उपास करीन, गोड सोडीन. चौथं कलम सुचवताना माझं मलाच कळलं, की मी देवाच्या हातातही शीट देतोय. लाज वाटली. मग सगळं सोडून दिलं आणि मनात एवढंच म्हटलं, "मला काही कळत नाही. तुम्हीच बघा." अडतीस वर्षांत शुभाच्या बाबतीत मी काहीच करत नव्हतो अशी ती पहिली वेळ. बाईने हातावर एक आलुबुखार ठेवलं. मी ते नुसतं धरून बसलो आणि रडलो. एक ट्रॅम गेली. दुसरी गेली. ती बाई कधी उठून गेली, मला समजलं नाही.

तिसऱ्या ट्रॅममधून शुभा उतरली. पांढरीफटक, पण स्वतःच्या पायांवर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आधी दशमी काढा."

दोन दशम्या पोटात गेल्यावर तिने सांगितलं. मी गेल्यावर तीही पुढच्या ट्रॅमने माझ्यामागे निघाली होती. "तुम्ही मला दोनदा दिसलात! समोरच्या ट्रॅममध्ये, उलट्या दिशेला. मी हात हलवतेय, आणि तुम्ही आपले घड्याळात बघताय." मग अंग कापायला लागलं. कोटाच्या खिशात हात घातला तर टिश्यूत बांधलेली खडीसाखर लागली, कधीतरी देवळातून आणलेल्या प्रसादाची. ती तोंडात टाकून ती खिडकीशी बसून राहिली, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आली. "म्हटलं, हा माणूस धावतोय तोवर काही सापडायचा नाही. दमून कुठे बसला तर दिसेल. आणि दिसलात."

"मी दमून नाही बसलो," मी म्हणालो, "मला बसवलं." आणि त्या बाईबद्दल सांगितलं. शुभाने आजूबाजूला बघितलं, मग बाकावरच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हात जोडले. मीही जोडले. ती कोण होती, यावर मला वाद घालायचा नाही. बाजार करून घरी निघालेली कुणाची तरी आजी असेल, तिची ट्रॅम आली आणि ती गेली असेल. शुभाचं म्हणणं वेगळं आहे. मी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी आम्ही एकही चर्च पाहिलं नाही. त्या बाकावर बसून दोघांनी मिळून ते एक आलुबुखार खाल्लं, आणि शुभाचा फोन मी मुकाट्याने तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "रेवाला मी काही सांगणार नाही." आणि लगेच तिला फोन लावून सगळं सांगितलं.

घरी आल्यावर कुठलंही पारायण केलं नाही. कबूल केलेल्या कलमांचं काय, असं शुभाला विचारलं तर म्हणाली, "ती त्यांनी वाचलीच नसतील." सकाळी ती पूजेला बसली की आता मी शेजारी पाच मिनिटं बसतो. जप येत नाही, मागायचं काही सुचत नाही. इतकी वर्षं वाटायचं, देव शोधायचा असतो आणि त्यासाठी मला वेळ नाही. आता वाटतं, तोच कुठल्यातरी खिडकीशी बसून मला शोधत असेल. म्हणून पाच मिनिटं हलत नाही. त्याला दिसावं, एवढंच.