कापसावरची झोप

माझ्या दवाखान्यासमोर कापसाचा टेम्पो थांबला की सरकीचा उबदार, तेलकट वास आत येतो आणि मला माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमीचा, हेवा वाटतो. इतक्या वर्षांनीही.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. झोप उडाली होती, पुस्तक उघडलं की लगेच मिटून ठेवायचे. शेवटी कुणाला न सांगता भीमपूरला घरी आले. दिवाळी होऊन गेली होती आणि वेचलेला कापूस नेहमीसारखा मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. त्या ढिगावर सुमी भरदुपारी झोपली होती. तोंड उघडं, केसांत कापसाचे पुंजके, आणि अंगात मी सुट्टीत विसरून गेलेला पांढरा ॲप्रन.

तिला गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. एवढी झोप हिच्याच वाट्याला का?

"झोपू दे तिले," आई म्हणाली. "सकायपासून कापूस येचून राह्यली होती. तुयासारखं बसून शिकाले कोनाले भेटते?"

मी सुमीच्या शेजारी ढिगावर जाऊन पडले. अंगाला खाज सुटली, झोप काही आली नाही. सुमी मात्र जागी झाली आणि घाईने ॲप्रन काढू लागली.

"कापूस अंगाले खाजवते ना ताई, म्हनून घातला होता."

ॲप्रनच्या खिशाला तिने पेन लावला होता, डॉक्टर लावतात तसा.

तो पेन मी तेव्हाही पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावायला मला इतकी वर्षं लागली. तरी खरं सांगते, ती झोप मला अजूनही तिच्याकडून हिसकावून घ्यावीशी वाटते.