वहिनींनी टिपलेली सावली

मी ज्यांचा अभ्यास करते त्या वस्तू कुणी नीट पाहिलेल्या नाहीत. मीसुद्धा नाही. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाचे आणि मातीदगडाचे लहान लहान गोळे सूर्याभोवती फिरत असतात. तिथे ऊन असं नसतंच. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही त्यातला बहुतेक प्रत्येक गोळा एका ठिपक्याएवढाच दिसतो. त्या ठिपक्याचा उजेड किती, तो कमीजास्त कसा होतो, रंग किती तांबूस, एवढ्यावरून तो केवढा असेल आणि कशाचा असेल हे सांगायचं. पंचवीसेक वर्षं मी हेच करते आहे.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाचा रस काचेच्या नळीत घेऊन त्यात साखर किती हे ते बघायचे. दहावीनंतर त्यांनी मला नगरला सावेडीत आत्याकडे ठेवलं. तिथल्या कॉलेजातून भौतिकशास्त्र केलं, मग पुणे, मग चार वर्षं परदेश, आणि मग हट्टाने परत येऊन इथल्याच एका संस्थेत नोकरी. मुलाखतीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं होतं, "एवढे ग्रह सोडून तुम्ही हे बर्फाचे खडे का धरलेत?" मी म्हटलं, "ग्रह तापले, वितळले, बदलले. हे खडे जन्मले तेव्हा होते जवळजवळ तसेच आहेत." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं. नोकरी मिळाली, पण ती मान मला बरीच वर्षं दिसत राहिली.

काम सोपं नव्हतं. मोठ्या दुर्बिणीवर वर्षातून तीन-चार रात्री मिळायच्या आणि त्यातल्या निम्म्या ढगांत जायच्या. एकदा मात्र एका ठिपक्याचा उजेड मी चार वर्षं चिकाटीने मोजला आणि दाखवून दिलं, की तो एक ठिपका म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन गोळे आहेत. त्या निबंधाने माझं नाव झालं. गावात आबांना कुणी विचारलं, पोरगी काय करती, तर ते सांगायचे, "लांबचे दगड मोजती." आणि समोरचा हसायच्या आत पुढे म्हणायचे, "तुला मोजता येतील का?"

पण ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, त्यातला महत्त्वाचा भाग मी केलेला नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या हिशेबात असं निघालं, की यातला एक गोळा जानेवारीतल्या एका संध्याकाळी एका ताऱ्यासमोरून जाणार आहे. याला आम्ही पिधान म्हणतो. गोळा ताऱ्याच्या आड येतो तेव्हा तारा काही सेकंद विझतो, आणि ताऱ्याच्या उजेडात त्या गोळ्याची सावली पृथ्वीवरून पळत जाते. वेगवेगळ्या ठिकाणी तारा किती सेकंद विझला हे मोजलं, की गोळ्याची लांबीरुंदी कळते. एरवी कुठल्याही दुर्बिणीला न जमणारी गोष्ट लहान दुर्बिणींनी साधते. फक्त सावलीच्या वाटेत उभं राहावं लागतं.

सावलीची वाट मी नकाशावर काढली आणि बघतच राहिले. ती सरळ आमच्या जिल्ह्यावरून जात होती.

मी तीन जागा ठरवल्या. दक्षिणेला आमचं गाव, मध्ये सावेडीत आत्याची गच्ची, आणि उत्तरेला अकोले तालुक्यात डोंगरातलं राजूर. सावलीची उत्तरेची कड राजूरच्या आसपास येत होती. तिथला अंदाज सगळ्यात नाजूक, म्हणून तिथे मी स्वतः जाणार होते. सावेडीत माझा एक विद्यार्थी आणि गावात माझी एक विद्यार्थिनी. वेळ होती संध्याकाळी सात वाजून अठरा मिनिटं.

सहा दिवस आधी ती विद्यार्थिनी आणि मी गावी गेलो. घराच्या मागे, गोठ्यापलीकडच्या मोकळ्या रानात दुर्बीण लावली आणि रोज अंधार पडला की सराव सुरू केला. माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, गावातलं दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ दीडशे घरांचं दूध त्या घेतात, प्रत्येकाच्या दुधाची फॅट मशीनवर काढतात, स्लिप हातात देतात. मशीन बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट बघत नाहीत. संध्याकाळचं दूध आटोपलं की त्या रानात यायच्या आणि आमच्या मागे पदर खोचून उभ्या राहायच्या. मी त्यांना चहासाठी तेवढी हाक मारायची.

दोन दिवस राहिले आणि विद्यार्थिनीला सणकून ताप भरला. तिला श्रीगोंद्याला दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. मी घरी येऊन ओसरीवर बसले. राजूर सोडावं की गाव सोडावं, काही सुचेना. पुण्याहून कुणाला बोलवावं तर त्याला ती दुर्बीण शिकवायला वेळ नव्हता.

वहिनी कॅन धुवून आत येत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमी राजूरला जावा. हितलं मी बघते."

"वहिनी, ते अवघड आहे हो."

"अवघड काय हाय त्यात? चार दिस झालं बघतीय मी. आधी त्या दोन मोठ्या चांदन्या धरायच्या, मशीनला जागा सांगायची, मग कॅमेरा. शेवटाला टाईम बघायचा, बरुबर हाय का."

त्या संध्याकाळी मी दुर्बीण मुद्दाम भलतीकडे फिरवली, लॅपटॉप बंद केला आणि बाजूला सरकले. "शोधा," म्हटलं. त्यांनी घाई केली नाही. एकेक पायरी तोंडाने म्हणत, विद्यार्थिनीने जसं केलं होतं तसंच, त्या करत गेल्या. पडद्यावर ठिपके उमटले. त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये तीन चुलीचे दगड. आन् ह्यो भाईर पडल्याला निखारा. ह्योच की न्हाई आपला?"

तोच होता. त्या भागाचा नकाशा मी महिनाभर बघत होते, पण त्यात चूल मला दिसली नव्हती. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. चार संध्याकाळी त्या सगळं शिकत उभ्या होत्या आणि मी त्यांना चहा मागत होते.

"पण त्या वेळेला तुमचं दूध असतं," मी म्हटलं.

"त्येचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्लिपा देताना प्रत्येकाला सांगितलं, "उद्या सांजचं दूध सहाच्या आत आना. सहानंतर मी न्हाई." कुणीतरी का म्हणून विचारलं. "तारा बघायचाय," एवढंच उत्तर. आबांनी शेजारपाजारच्या वस्त्यांवर जाऊन सांगून ठेवलं, की सात ते साडेसात कुणी बाहेरचा दिवा लावायचा नाही आणि ट्रॅक्टर इकडून न्यायचा नाही. उसाची तोड ऐन भरात होती, तरी कुणी कुरकुर केली नाही.

मी राजूरला पोचले. बाजारपेठेपासून जरा वर एका ओळखीच्या शिक्षकांच्या गच्चीवर दुर्बीण लावली. हवा स्वच्छ होती, थंडी कडाक्याची. सात वाजायच्या आत सगळं तयार झालं. सव्वासातला मी पडद्याकडे बघत बसले. सात अठरा झाले. तारा तसाच. सात एकोणीस. तसाच. सात वीस झाले तरी तो शांतपणे पडद्यावर बसलेला. माझ्या इथे सावली आलीच नव्हती.

आमचा हिशेबच चुकला असं मला वाटलं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, की तारा विझला नाही हेही एक मोजमापच असतं. त्या गच्चीवर ते मला स्वतःला पटेना. सावेडीला फोन लावला. विद्यार्थी ओरडूनच बोलत होता, "मॅडम, गेला! चारेक सेकंद गेला!" मग वहिनींना लावला. फोन बंद. परत लावला. बंद. आबांचा लावला, तो घरात वाजत असणार. दहा मिनिटं मी त्या गच्चीवर येरझारा घालत होते.

सात एकतीसला वहिनींचाच फोन आला.

"ताई, तारा गेल्ता."

"नक्की ना, वहिनी?"

"गेल्ता म्हंजे गेल्ता. निखारा इझला आन् परत पेटला. मी हात बी लावला न्हाई कशाला. मनात मोजलं, नऊ झालं."

"फोन का बंद होता?"

"तुमीच म्हनल्या हुत्या, साडेसातपतुर कशाला हात लावायचा न्हाई, मधी फोन वाजाय नको."

म्हटलं होतं खरं. मी विचारलं, "लाईट होती का?"

"लाईट साडेसहाला गेली. जातीच की रोज."

"आणि आपली बॅटरी?"

"ती परवा मधीच बसली हुती, मी बघितलं ना. म्हनून सहालाच ट्रॅक्टरची काढून आनली. तुमच्या दादांनी वायर जोडून दिली."

मग म्हणाल्या, "ताई, जेवून घ्या. थंडी लई आसंल तिकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गावात होते. ओसरीवर लॅपटॉप उघडून त्यांच्या नोंदीचा आलेख काढला. उजेडाची सरळ रेघ, मग एकदम खड्डा, मग परत सरळ रेघ. कडा अशा सुबक, की मोठ्या वेधशाळेतल्या माणसालाही हेवा वाटावा. खड्ड्याची रुंदी नऊ सेकंदांहून थोडी जास्त. वहिनींनी मनातल्या मनात मोजलेलं बरोबर होतं. आबा चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

वहिनी म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "पण हे जगात दुसऱ्या कुणाकडे नाही."

गावात नऊ, सावेडीत चार, राजूरला काही नाही. हे तिन्ही एकत्र मांडल्यावर गोळ्याचा आकार समोर आला. तो चेंडूसारखा गोल असेल असं सगळे धरून चालले होते. तो लांबट निघाला, चपटा झालेल्या बटाट्यासारखा. राजूरच्या त्या न विझलेल्या ताऱ्यामुळे त्याची एक कड पक्की ठरली. तेव्हा कुठे माझी ती रिकामी संध्याकाळ मला पटली.

निबंध लिहायला घेतला तेव्हा परदेशातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं, की वहिनींचे आभार शेवटी मानू, तशी पद्धत आहे. मी लिहिलं, "सगळ्यात लांब खड्डा ज्यांनी टिपला त्यांना लेखकांत घ्यायचं नाही, तर मग माझंही नाव काढा. माझ्याकडे खड्डाच नाही." त्याने लगेच मान्य केलं, आणि चूक झाली असंही मोकळेपणाने म्हणाला. मग प्रश्न आला संस्थेचा. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे तो कुठे काम करतो ते द्यावं लागतं. मी वहिनींना फोन केला.

"दूध संकलन केंद्रच लिवा की," त्या म्हणाल्या. "तिथंच काम करते मी." मग जरा थांबून, "ताई, नाव म्हायेरचं लावायचं का सासरचं?"

"तुम्हाला हवं ते."

एक दिवस विचार करून त्यांनी सांगितलं, "दोन्ही लावा."

तसंच छापलं. पहिल्या पानावर वेधशाळा आहेत, विद्यापीठं आहेत, आणि त्यांच्याच रांगेत श्रीगोंदा तालुक्यातलं आमच्या गावचं दूध संकलन केंद्र आहे. मला आतापर्यंत मिळालेल्या मानपत्रांपेक्षा ते पान मला जास्त आवडतं. आबांनी त्याची रंगीत प्रत काढून आणली. कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना दाखवताना ते आधी वहिनींच्या नावावर बोट ठेवतात आणि मग माझ्या. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

गेल्या वर्षी गावातल्या शाळेने आम्हा दोघींना बोलावलं. मी पडद्यावर चित्रं दाखवून अर्धा तास बोलले. मग मुख्याध्यापकांनी वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या नको नको म्हणत उठल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "काकू, तारा गेला तवा भ्या वाटलं का?"

वहिनींनी खरोखर आठवून बघितलं. "आदी वाटत हुतं," त्या म्हणाल्या. "वायर निघंल, बॅटरी बसंल, काय बी हुईल. पन तारा गेला तवा न्हाई वाटलं. तवा म्हनलं, आता गप बसायचं. आपलं काम आपुन आदीच नीट केलंय."

आणि त्या खुर्चीत येऊन बसल्या. मुलं टाळ्या वाजवत होती. वहिनी माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, बरं बोलले का मी?"

"माझ्यापेक्षा बरं," मी म्हटलं. ते खरंच होतं.