लांब पोळीचा काउंटर

नव्या घराची वास्तुशांत केली तेव्हा नंदनवन वस्तीतल्या आमच्या जुन्या गल्लीतल्या कुणालाही मी बोलावलं नाही. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अवघडणार कोण होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

घर वर्धा रोडवर. खाली सोसायटीचा हॉल, ऑफिसची सगळी मंडळी, आणि नेमका त्याच आठवड्यात परदेशातून आलेला माझा साहेब. त्याच्या कंपनीचं काम मी इथे नागपुरात बसून करते. माझं जेवणखाण, झोप सगळं त्यांच्या घड्याळाप्रमाणे चालतं. त्याला काहीतरी अस्सल नागपुरी दाखवायची मला हौस आली. म्हणून ठेकेदाराला पाटवडीच्या रश्श्यासोबत लांब पोळीचा काउंटर लावायला सांगितलं. चुलीवर माठ उपडा ठेवायचा, सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापल्या माठावर अलगद पसरायचा. बघण्यासारखं असतं ते, खरंच.

गल्लीत या पोळ्यांना ठेकेदार लागत नसे. कुणाकडे कार्य निघालं की बाया आपापले माठ घेऊन सकाळीच हजर. पैशाचं नावही काढायचं नाही. एक रीत मात्र होती. पंगती उठल्या की पोळ्या करणारीला घरच्या बाईनं पाटावर बसवायचं आणि स्वतःच्या हातानं वाढायचं. ती पुरे म्हणाली तरी आणखी दोनदा.

भिंतीला भिंत लागून राहणारी माझी मैत्रीण आणि मी, दोघी तिच्या आईकडून ही पोळी शिकलो. माझी हमखास मधेच फाटायची. तिची कधी फाटलेली मला आठवत नाही. पुढे मी शिकायला पुण्याला गेले आणि ती लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे. तिचा नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात पर्मनंट होता. तेव्हा माझ्यापेक्षा तिचंच बरं चाललं होतं. मग बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि कारखाना बंद पडला. त्याच सुमारास बाहेरच्याच कंपन्यांनी माझ्यासारख्यांना नोकऱ्या दिल्या. ते दोघं खोली सोडून कुठेतरी गेल्याचं कानावर आलं होतं. मी चौकशी केली नाही.

काउंटरमागे ती होती. डोक्याला जाळीची टोपी, अंगात ठेकेदाराचा एप्रन. तोंडाकडे बघण्याआधीच उजव्या कोपराच्या त्या झटक्यावरून मी तिला ओळखलं. तिनंही वर पाहिलं. साहेब माझ्या शेजारी उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मी म्हणाले, "मावशी, जरा पातळ करा."

माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे ती.

"हो मॅडम," ती म्हणाली आणि पोळी अशी काही लांबवली की साहेबानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

पाहुणे पांगल्यावर मी एक ताट वाढून हॉलच्या मागच्या बाजूला गेले. ती आपला माठ पोत्यात गुंडाळत होती. आमचं जेवण ठेकेदाराच्या गाडीत असतं, असं तिनं सांगितलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी ताट पुढे धरलं तेव्हा तिनं एप्रनला हात पुसले, पण ताट घेतलं नाही.

"ठेकेदाराले काहून सांगतलं वं?" ती म्हणाली. "मले सांगतलं असतं तं मी अशीच आली असती, माठ घेऊन."

गाडीचा हॉर्न वाजला. 'बस ना जरा' एवढे तीन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि ती माठ कडेवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन करून मी तिचा नंबर मागितला. तो म्हणाला, "पोळीवाली पाहिजे असन तं मलेच सांगा न मॅडम, मी पाठवतो." ती माझी मैत्रीण आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.