तिचा पगार

आमच्या आईला वाटलं होतं, पेमेंट सीट म्हणजे शिकणाऱ्यालाच पैसे मिळतात अशी जागा.

ही तिची चूक म्हणण्यात अर्थ नाही. तासगावपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या आमच्या गावात पेमेंट हा शब्द एकाच दिशेने चालायचा. डेअरीचं पेमेंट दहा दिवसांनी यायचं, बेदाण्याचं पेमेंट व्यापाऱ्याच्या मनात येईल तेव्हा यायचं. पेमेंट म्हणजे घरात येणारा पैसा. त्यामुळे नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, धाकट्या बहिणीला खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पेमेंट सीट मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा आई शेजारच्या काकूंना सांगून मोकळी झाली, "फ्रीवाल्यांस्नी काय मिळत न्हाई म्हणं. आमच्या पोरीला पेमेंट शीट मिळालंय."

मी मोठ्याने हसलो. मी बहिणीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, तासगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवणारा, म्हणजे आमच्या घरातला अर्थमंत्रीच. "आगं आई, मिळत न्हाई, आपुनच द्यायचं असतंय," मी म्हणालो, आणि काकूंच्या देखत तिला समजावून सांगितलं. ज्यांना भरपूर मार्क, त्यांना थोड्या फीची फ्री सीट. ज्यांचे थोडे कमी, त्यांनी पूर्ण फी भरून पेमेंट सीट घ्यायची. बहिणीची फ्री सीट मोजक्या मार्कांनी हुकली होती. आईचा चेहरा पडला. बहीणही हसली, पण आई रडू नये म्हणून हसली होती. हे मला त्या वेळी दिसलं नाही.

वडील लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. सांगलीत एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन स्टुलावर बसायचे. थोडा ऊस होता, पेन्शन होती आणि फंडाची रक्कम ठेवीत होती. त्या रकमेतून घरावर स्लॅब टाकायचा बेत होता. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल धरलं तर ती सगळी जाणार होती. वडील मला म्हणाले, "तू शिकलायस. नीट चौकशी कर आन सांग, परवाडतंय का न्हाई. तू म्हणशील तसं करू."

त्या शेवटच्या वाक्याने मी फुगलो. फीचा बँक ड्राफ्ट काढायला पंधरा दिवस होते. आठवडाभर मी एसटीने हिंडून इंजिनिअर शोधले. कुपवाडच्या एमआयडीसीत गावातलाच एक होता, पगार दीड हजार. "आमचा जुना टर्नर माझ्यापेक्षा जास्त घेतो, सर," असं म्हणाला आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावले. साताऱ्यात स्टँडसमोर एक जण भिंतीवर डिग्री लावून तिच्याखाली एसटीडी बूथ चालवत होता. तिसरा पुण्यात होता आणि खरंच चांगलं कमवत होता, पण त्याला मी अपवाद ठरवून बाजूला काढला. नको असलेला आकडा असा बाजूला काढायचा असतो हे मी वर्गात कधी शिकवलं नाही. स्वतः मात्र बिनदिक्कत केलं.

रविवारी दुपारी सोप्यात बसून मी सगळ्यांना कागद वाचून दाखवला. मधोमध रेघ, डावीकडे खर्च, उजवीकडे मिळकत. शेवटची ओळ मी जरा खणखणीत वाचली, "लग्नानंतर पगार सासरी, आपल्याकडे शून्य."

बहीण आईशेजारी बसून शेंगा फोडत होती. तिने एकच विचारलं, "ड्रॉइंगचं सामान धरलंयस का त्यात, दादा?"

"धरलंय," मी म्हणालो. मला वाटलं, ती माझा हिशेब तपासतेय.

वडिलांनी कागद घडी करून खिशात घातला. "मग न्हाई परवाडत," ते म्हणाले, आणि विषय संपला. मी तीन जिल्हे हिंडून परक्या माणसांना विचारत सुटलो होतो, पण घरातल्या घरात तिला काही विचारावं हे मला सुचलंच नाही. तिने इंजिनिअरिंगच्या अर्जासाठी तासगावात फोटो काढले होते, आठ कॉप्या. त्यातलाच एक बीएस्सीच्या अर्जाला लागला.

जुलैत कॉलेजं सुरू झाली आणि मला ती दिसायला लागली.

पहिल्यांदा सांगलीच्या स्टँडवर. एक मुलगी ड्राफ्टर आणि ड्रॉइंगची नळी सांभाळत बसमधून उतरत होती. पाठमोरी अगदी बहिणीसारखी. बहीण सकाळीच डबा घेऊन बीएस्सीच्या वर्गाला गेलीय हे माहीत असूनही मी धावत पुढे जाऊन तिचा चेहरा पाहिला. मुलगी घाबरली. मी माफी मागितली, पण त्या दिवसापासून ती नळीवाली माझ्या मागे लागली. इथे बहीण फर्स्ट इयरला, तिथे तीही फर्स्ट इयरला. इंजिनिअरिंगचे निकाल पेपरात आले की मी तिचा निकाल लावायचो. दुसऱ्या वर्षी तिला एका विषयात एटीकेटी लागली. तीही मीच लावली, सगळं फारच सरळ चाललं तर खोटं वाटेल म्हणून. कुणाला सांगणार? फळ्यावर ताळेबंद लिहिता लिहिता मला कधीकधी वाटायचं, ती मागच्या बाकावर येऊन बसलीय आणि माझ्या बेरजा बघतेय. मला तिची भीती वाटायची, हे कबूल करतो.

खऱ्या बहिणीचं बीएस्सी संपताच लग्न झालं. पाटणला दिली, नवरा प्राथमिक शिक्षक, माणूस चांगला. आमच्या घराला स्लॅब झाला आणि पावसाळ्यात गळायचं थांबलं. पुढच्याच वर्षी नळीवालीही चौथं वर्ष पास झाली आणि मी अडकलो. तिला नोकरी लागली खरी, पण पगार किती?

एव्हाना कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. आजूबाजूच्या गावांतली पोरं विमानात बसून अमेरिकेला चालली होती, आणि त्यांच्या पगाराचे आकडे पारावर ऐकू यायचे. कधी मी तिला तसला पगार द्यायचो, आणि मग जेवण जायचं नाही. कधी तिला गुपचूप कुपवाडच्या वर्कशॉपात दीड हजारावर बसवायचो, म्हणजे माझं बरोबर ठरायचं आणि जरा बरं वाटायचं. मेलेल्या माणसाला निदान एकदा सोडून देता येतं. ही तर कधी जन्मलीच नव्हती, आणि तिचा पगार दर महिन्याला मला ठरवावा लागत होता.

त्या दिवाळीत भाऊबीजेला पाटणला गेलो. बहिणीच्या दारात चार पोरं गणिताच्या शिकवणीला बसलेली. सुट्टीतही येतात म्हणाली. पोरं गेल्यावर तिने मला ओवाळलं, फराळाचं ताट पुढे ठेवलं. नवरा बाजारात गेला होता. का कोण जाणे, मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. सांगलीचा स्टँड, नळी, एटीकेटी, सगळं. ती पायरीवरची पोरांची खडूची धूळ झाडत ऐकत होती.

"पास झाले व्हय मी?" तिने विचारलं.

"फर्स्ट क्लास."

"आन नोकरी?"

"पुण्यात."

तिला मजा वाटत होती, असं मला वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं हललं.

"मग पगार किती हाय मला?"

"तेवढंच मला ठरवता ईना बघ," मी म्हणालो. "लय डोकं खाजवलं, पण जमत न्हाई."

तिने माझ्यापुढचं रिकामं ताट उचललं.

"तवा तर एका आठवड्यात ठरवला व्हतास, दादा," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.